गोल ठिगळं

४ ऑक्टोबर १९४२

खामगावच्या लिलावातले लाउडस्पीकर आज गाडीतून उतरवले. बंद पडलेल्या एका तंबू-सिनेमाचा माल. गोदामात ओल खात पडला होता. लढाईमुळे नवा माल येत नाही, म्हणून जुना हाच माझा धंदा.

तपासायची रीत ठरलेली आहे. आधी वास घ्यायचा. जळक्या तारेचा वास लपत नाही. मग पडद्यावर, म्हणजे लाउडस्पीकरच्या तोंडावरच्या कागदी शंकूवर, बोटं सारखी टेकवून तो हलकेच आत दाबायचा आणि कान जवळ न्यायचा. आत तार चुंबकाला घासत असेल तर वाळूवर पाऊल पडल्यासारखा आवाज येतो. शेवटी सुक्या बॅटरीची टोकं क्षणभर लावायची. टक् झालं तर जिवंत.

बहुतेक जिवंत आहेत. पडदे फाटलेत, ते चिकटवता येतील. एकाचा पडदा मात्र उंदरांनी जवळजवळ अर्धा खाल्ला आहे. तार शाबूत, पण कागदच नाही. त्याच्या लोखंडी सांगाड्यावर गेरूची फुली मारली आणि मागच्या अंगणात भंगारात टाकला. मेलेल्यावर फुली मारायची ही सवय मुंबईच्या थिएटरातली.

ठाण्यात वर्दी द्यावी लागणार. ऑगस्टपासून ठाणेदारांचा हुकूम आहे, लाउडस्पीकर आला-गेला की कळवायचं. भंगारात टाकलेलाही सांगीन. न सांगितलेलं नंतर सापडलं तर काय उत्तर द्यायचं?

गफ्फार हसतो. तो पत्र्याचं काम करतो, डबे, बादल्या आणि माझ्यासाठी कर्णे. दुकान एकच, अर्धं त्याचं, अर्धं माझं, मध्ये भिंत नाही. म्हणाला, "वामनभाऊ, मुंबईतून तुमी बाँबच्या भेवानं पळाले. आता अठून कोणाच्या भेवानं पळसान? अन कोठी?"

मीही हसलो. 

७ ऑक्टोबर

घरभर कडू वास. कोकिळानं मेथी भिजत घातली आहे. नवं सूप लिंपायचं आहे म्हणे. मेथी पाट्यावर वाटून त्यात भिजवलेल्या कागदाचा लगदा कालवतात आणि सुपाला आतून-बाहेरून फासतात. वाळलं की पीठ गळत नाही, कीड लागत नाही. आमच्याकडे घरोघर चालतं हे. मला तो वास सोसत नाही.

कागद नाहीत म्हणून ती रद्दी मागत होती. आजकाल वाण्याकडेही रद्दी मिळत नाही. माझ्या या वहीकडे बोट दाखवून म्हणाली, "हे काऊन ठेवता? कोणाले वाचाले पायजे?"

"कोणालाच नाही."

"मंग सुपालेच बरी."

थट्टाच होती. तरी वही आत नेऊन ठेवली.

दुपारी डबा घेऊन दुकानात आली ती बसलीच. मी एक पडदा चिकटवत होतो. पतंगाचा ताव चौकोनी फाडायचा, गव्हाच्या खळीनं लावायचा, वर दुसरा चौकोन आडवा. विचारलं, "झुरळं खात नाही का हे?" म्हटलं, खातात, वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा लावावं लागतं. मग ठिगळाचा कोपरा नखानं उचलून पाहत म्हणाली, "चौकोन कायले कापता? गोधडीले ठिगळ लावता का कधी? कोपराच आंधी सुटते."

लग्नाला सहा वर्षं झाली. माझ्या कामाबद्दल तिनं इतकं कधीच विचारलं नव्हतं. बरं वाटलं.

८ ऑक्टोबर

तिला सुलतानपूरला माहेरी जायचं आहे. आईला बरं नाही. तिचा धाकटा भाऊ मोतीराम ऑगस्टपासून घरी नाही. त्याच्या नावाचं वॉरंट आहे. शाळेतला मास्तर माणूस, तारा तोडणाऱ्यांत कसा गेला कळत नाही.

ती त्याच्याबद्दल काहीतरी सांगू लागली. मी थांबवलं. "मोतीरामचं मला काही सांगू नको. मला काही ठाऊक नको."

तिनं रागानं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "बरं. नाही सांगत."

११ ऑक्टोबर

कोकिळा आज माहेरी गेली. चिखलीहून परतणाऱ्या सरकीच्या गाड्या होत्या, त्यांतल्या एका ओळखीच्या गाडीत बसवून दिलं. टोपली मीच गाडीत चढवली. आईसाठी ज्वारी नेते म्हणाली, वर नवं सूप पालथं घातलं होतं. ज्वारी इतकी जड कधी लागली नव्हती. कमरेत लचक भरली.

गाडीवान म्हणाला, "बाई, दगडं नेऊन राह्यल्या का माहेरी?"

कोकिळा म्हणाली, "हाव. वयनीच्या डोक्यात घालाले."

सगळे हसले.

दुपारी काम केलं. पतंगाचे ताव कमी वाटतात. पुन्हा मागवावे लागतील.

१५ ऑक्टोबर

ती आली. आई बरी आहे. कोकिळा उजळली आहे. भाकरी थापताना काहीतरी गुणगुणत होती. मी विचारलं, तिकडे कोणी आलं-गेलं? म्हणाली, "तुमीच म्हणले ना, सांगू नको."

मी विषय बदलला. तेच बरं.

१६ ऑक्टोबर

मागच्या अंगणात गेलो तर भंगाराचा ढीग खचल्यासारखा दिसला. गफ्फार लागेल तसा पत्रा नेतो, त्यानंच उचकलं असेल. विचारलं नाही.

२० ऑक्टोबर

काल डोणगावच्या बाजारात लाउडस्पीकरवरून भाषण झालं.

गफ्फार सकाळी बातमी घेऊनच आला. कडब्याच्या गाडीत भोंगा लपवला होता. माणूस दिसत नव्हता, नुसता आवाज. सरकारला धान्य देऊ नका, सैन्यात पोरं पाठवू नका. पोलीस आले तेव्हा बाकीचं सामान घेऊन माणसं पळाली. लाउडस्पीकर तेवढा गाडीतच राहिला.

"लोकं म्हणतेत, कडबाच बोलून राह्यला होता," गफ्फार म्हणाला. "एक म्हातारी त पाया पडली म्हणते कडब्याच्या."

मला हसू आलं नाही. हातातला पेचकस खाली ठेवला. या भागात लाउडस्पीकर माझ्याकडूनच जातात. माझे सगळे जागेवर आहेत का, लगेच मोजून पाहिलं. विकलेले कुठे आहेत तेही ठाऊक आहे. मग भ्यायचं काय कारण?

दिवसभर रस्त्यावर बूट वाजले की मान वर होत होती.

२२ ऑक्टोबर

जे व्हायचं होतं ते झालं. सगळं क्रमानं लिहून ठेवतो.

दुपारी ठाणेदार आले. बरोबर शिपाई पंजाबराव, त्याच्या डोक्यावर रॉकेलचा डबा. डब्याचं एक तोंड छिन्नीनं वेडंवाकडं गोल कापलेलं आणि आत बसवलेला लाउडस्पीकर. माझ्या बाकावर ठेवून ठाणेदार म्हणाले, "मिस्त्री, तपासा. चालतो का, कोणी दुरुस्त केला, कुठून आला."

मी स्क्रू काढून तो बाहेर घेतला. उलटा केला. सांगाड्यावर गेरूची फुली होती.

माझी फुली. माझं भंगार.

तेवढ्यात काय केलं ते खरं लिहायला हवं. पुसायचं असं ठरवलं नव्हतं. सांगाडा धरून अंगठा त्या जागेवर फिरवत राहिलो, धूळ झटकत असल्यासारखा. फुली गेली. अंगठा लाल झाला.

पंजाबरावनं पाहिलं. "मिस्त्री, अंगठा काऊन लाल हाय बे तुहा?"

मी अंगठा मुठीत घेतला. पलीकडून गफ्फार म्हणाला, "शिपाईदादा, बायको हाय त्याले. सकायी सकायी कुकवाची डबी उघडून द्या लागते. तुमची देत नाही का उघडून?"

बाहेर जमलेले लोक हसले. पंजाबरावही हसला. ठाणेदार हसले नाहीत, पण पुढे विचारलंही नाही.

मग मी पडदा पाहिला. उंदरांनी खाल्लेल्या जागी नवा कागद होता. गोल ठिगळं, रुपयाएवढी, एकावर एक चढवलेली, कौलं शाकारावीत तशी. कडा इतक्या बसलेल्या की बोटाला लागत नव्हत्या. मी असं काम कधी केलेलं नाही. मला सुचलंच नसतं. वास घेतला. जळका नव्हता. काहीतरी कडवट होतं, ओळखीचं. डोकं चालत नव्हतं.

माझ्या ॲम्प्लिफायरला जोडून चालू केला. माईक पंजाबरावच्या हाती दिला. तो ओरडला, "हॅलो! हॅलो! पंजाबराव बोलून राह्यला!" आणि स्वतःच्याच आवाजानं दचकून मागे सरला. पुन्हा हशा. मी मात्र ऐकत होतो. आवाज स्वच्छ होता. माझ्या कुठल्याही पडद्यापेक्षा मऊ. भीतीच्या पोटात क्षणभर मत्सर वाटला.

"हे काम तुमचं?" ठाणेदारांनी विचारलं.

"नाही साहेब." बाकावरचे माझे पडदे दाखवले. "मी चौकोनी लावतो. खळीनं."

"हे कशानं लावलंय?"

"माहीत नाही."

त्यांनी डबा उचलायला सांगितला. जाताना म्हणाले, "उद्या ठाण्यात या. सकाळीच."

गफ्फारनं चहा मागवला. मला पाजला. अंगठा कशानं लाल झाला ते त्यानं विचारलं नाही.

२३ ऑक्टोबर

ठाण्यात मला खुर्ची दिली. ठाणेदार आवाज चढवत नाहीत. त्याचीच जास्त धास्ती वाटते.

म्हणाले, "तुमच्यावर माझा संशय नाही. असता तर खुर्ची दिली नसती. भंगारात टाकलेल्याची वर्दीही तुम्हीच दिली होती. पण हे काम ज्याला येतं तो तुमचं काम पाहून शिकलाय. ही विद्या काही पेरल्यानं उगवत नाही. तुमच्या शेजारी बसून कोण पाहतं?"

मी म्हणालो, येणारे-जाणारे पुष्कळ.

"रोज कोण?"

मी टेबलाकडे पाहत होतो. टेबलावर तो डबा होता.

"डबा पत्र्याचा आहे," ते म्हणाले.

मी खुर्ची जरा मागे सरकवली.

"गफ्फार?"

हो म्हणालो नाही. खरंच नाही म्हणालो. पण नाही असंही म्हणालो नाही. तोवर त्यांनी कागदावर काहीतरी लिहून घेतलं होतं. मग म्हणाले, "या तुम्ही."

मी नाव घेतलेलं नाही.

कदाचित त्यानंच केलं असेल. रोज पाहतो. भंगारातून तोच पत्रा नेतो. मला काय ठाऊक? अंगठ्याच्या वेळी मला वाचवलं ते स्वतःला वाचवायला कशावरून नाही?

हे लिहिलं आणि वाचलं. बरं वाटलं नाही.

२४ ऑक्टोबर

गफ्फारला दुकानातूनच नेलं. कातर हातात होती ती त्यानं माझ्या बाकावर ठेवली. "हे पाहून ठेवा वामनभाऊ. धार आत्ताच लावली हाय. गंजू देऊ नका."

डब्याचं तोंड दाखवून त्यानं विचारलं म्हणे, "साहेब, असं कापीन मी? असं कापलं त माही बायको मले घरात घेणार नाही." ठाण्याबाहेरच्या पानवाल्यानं मला सांगितलं.

दुकान फार मोठं वाटतं.

२५ ऑक्टोबर

काम नाही. बसून राहिलो. कातरीला तेल लावलं.

२६ ऑक्टोबर

सुगराबी आली. गफ्फारची बायको. ओट्यावर बसली, आत येईना. कोकिळानं पाणी दिलं, ते तसंच राहिलं.

"भाईसाब, ठाण्यात त्याच्याकडून कागद चिकटवून पाह्यला. ठाणेदार म्हणते, तू कर हे गोल गोल. त्यानं केला. फाटला. तं म्हणते, मुद्दाम फाडला." मग म्हणाली, "त्याले कागदाचं काम येतच नाही. पोराईचे पतंग बी म्या चिकटवते. तुमी येवढंच सांगा का त्याले येत नाही. तुमचं ऐकतीन थे. तुमाले खुर्ची देतेत."

खुर्चीचं हिला कोणी सांगितलं?

म्हणालो, "पाहतो. वेळ पाहून बोलतो."

सुगराबीनं मान हलवली. तिला वाटलं मी हो म्हणालो. कोकिळाला तसं वाटलं नाही. चौकटीला टेकून ती माझ्या तोंडाकडे पाहत होती.

जेवताना विचारलं, "गफ्फारभाऊवर संशय आपोआप आला का कोणी पोचवला?"

"मी नाव घेतलं नाही."

"मंग काय घेतलं?"

मी ताट बाजूला सारलं. ती उठली आणि रिकाम्या पाट्यावरून हात फिरवत बसली. पाट्यावर काहीही नव्हतं.

२७ ऑक्टोबर

ठाण्यापर्यंत गेलो. पायरीपर्यंत. पंजाबराव बाहेर बिडी ओढत होता. "काय मिस्त्री? आणखीन कोणाचं नाव हाय का?"

परत आलो.

२८ ऑक्टोबर

दुपारी कोकिळा दुकानात आली. पदराआड वाटी झाकलेली. म्हणाली, "एक फाटका पडदा द्या मले."

"कशाला?"

"द्या तं खरं."

दिला. ती गफ्फारच्या जागी बसली, माझ्याकडे पाठ करून नाही, समोर तोंड करून. त्याची कातर घेतली. पतंगाचा ताव दुमडून रुपयाएवढी गोलं कापली. वाटी उघडली.

तो वास. बावीस तारखेला बाकावर आला होता तोच. सूप लिंपताना महिन्याच्या सुरुवातीला घरभर होता तोच. इतके दिवस नाकाला कळत होतं, मलाच ऐकायचं नव्हतं.

तिनं पहिलं गोल ठेवलं, दुसरं त्याच्यावर अर्धं चढवलं, तिसरं त्यावर. प्रत्येकाची कड अंगठ्याच्या नखानं दाबली. घाई केली नाही. माझ्या डोळ्यांपुढे टोपली आली. मीच कंबर धरून गाडीत चढवलेली.

"कोकिळा."

"कडू लागते म्हणून उंदीर खात नाही, झुरळ खात नाही," ती पडद्याकडेच पाहत म्हणाली. "मले वाटलं, तुमी पाहताच ओळखसान. सहा वर्षं माह्यासंग राह्यता."

"कुठं शिकलीस?"

"सूप शिकाव लागते का? तुमच्या बाकावर पाह्यलं, घरी केलं. बैठं काम हाय." मग कातर खाली ठेवली. "शनिवारी ठाण्यात जातो मी. हेच करून दाखवतो. गफ्फारभाऊले सोडतीन."

"तुला ठेवतील."

"ठेवतीन."

"डोणगावला बोलत होता तो मोतीराम?"

ती हसली. "आता काऊन विचारता? सांगू नको म्हणत होते ना?"

पडदा वाळायला उन्हात ठेवून ती घरी गेली. मी तो बॅटरीला लावून पाहिला. टक्. जिवंत.

२९ ऑक्टोबर

झोप नाही. भीती कशी असते ते आजवर या वहीत पुष्कळ लिहिलं. आज वेगळी आहे. आजवर मला काहीतरी होईल असं वाटायचं.

ठाण्यात तिला हे काम करून दाखवायला सांगतील. ते पटेल. मग विचारतील, कोणासाठी केलं. तो कुठे आहे. ते तिला ठाऊक आहे. पुढचा बाजार कुठला तेही तिला ठाऊक असणार. आणि ती सांगणार नाही. ती न सांगणाऱ्यांतली आहे. न सांगणाऱ्या माणसाचं ठाण्यात काय होतं ते गफ्फारचा सुजलेला पंजा पाहून आलेल्या सुगराबीनं काल पुन्हा येऊन सांगितलं. आणि गफ्फारकडे तर सांगण्यासारखंही काही नाही.

सकाळी मेथी भिजत घातली. मी.

संध्याकाळी वाटायला बसलो. पाट्यावर मला वाटता येत नाही. दाणे उडतात. कोकिळा पाणी भरून आली आणि दारात थांबली.  घागर उतरवून आत गेली.

३० ऑक्टोबर

पहिला पडदा वाया गेला. ठिगळं वाळली तशी आवळली आणि शेजारचा जुना कागद फाटला. दुसऱ्याच्या कडा सुटल्या. गोल कापताना माझ्या हातून कोपरे पडतात, हात चौकोनाला सरावलेला आहे.

तिसऱ्याच्या वेळी ती येऊन बसली.

"हे कोणासाठी चाललं?"

"ठाणेदारांसाठी."

तिला कळलं. कळायला वेळ लागत नाही तिला. पटकन उठली, वाटी उचलून घेऊ लागली. "तुमी नाही. तुमच्या अंगात नाही थे. पायरीवरून परत आले ना तुमी?"

तिला तेही ठाऊक होतं.

"हो," मी म्हणालो. "ऐक. मोतीराम कुठे आहे ते तुला माहीत आहे. मला माहीत नाही. मला कितीही मारलं तरी माझ्यातून काही निघणार नाही, कारण आत नाहीच काही. भंगार मी टाकलं, मीच उचललं, मीच चिकटवलं, नेहमीच्या हातानं केलं असतं तर ओळखलं असतं म्हणून वेगळ्या हातानं केलं. कोण्या अनोळखी माणसाला दिलं. तोंड झाकलं होतं त्यानं. याच्यापुढे मला काही माहीत नाही, आणि ते खरं आहे."

ती वाटी धरून उभी राहिली. मग म्हणाली, "तुमाले मारतीन."

"माहीत आहे."

मी कातर उचलून पुढचं गोल कापू लागलो.  

ती खाली बसली. वाटीत बोट बुडवून बोटांवर चोळून पाहिलं. "मेथी जास्त झाली. वाळली का ओढते. पाणी घाला." मी घातलं. "आता कड दाबा. बोटानं नाही, नखानं. असं."

माझा अंगठा धरून तिनं फिरवला. त्याच अंगठ्यानं मी फुली पुसली होती.

चौथा पडदा जमला. तिचा आणि माझा शेजारी ठेवले. उजेडात धरून पाहिले. मला फरक कळला, दुसऱ्या कोणाला कळणार नाही.

मग तिनं तोंड जवळ आणलं. "मोतीराम हाये तो—"

मी दोन्ही कान झाकले. "सांगू नको."

या वेळी ती रागानं पाहत नव्हती.

३१ ऑक्टोबर

सकाळ. वाटी केळीच्या पानात बांधली आहे. बरोबर एक फाटका पडदा, पतंगाचा ताव आणि गफ्फारची कातर. कातर त्याची त्याला देता येईल. धार अजून आहे.

दोनदा मोरीवर जाऊन आलो.  पायरी चढताना काय होईल सांगता येत नाही. पंजाबराव बिडी ओढत असेल. त्याच्याकडे पाहायचं नाही, सरळ टेबलापर्यंत जायचं आणि ते विचारायच्या आत मेथीची वाटी टेबलावर ठेवायची. एकदा ठेवली की मागे फिरता येणार नाही.

कोकिळाला म्हटलं, या वहीत सगळं आहे. मी गेल्यावर ही भिजत घाल.

ती म्हणाली, "सूप एका बाजूनं उघडंच राह्यलं होतं. कागद पुरले नव्हते."

तिनं घमेल्यात पाणी ओतलं आहे. शेवटची ओळ लिहून व्हायची वाट पाहत ती शेजारी बसली आहे, हात पुढे करून.